पुठ्ठ्याचं यान

बरकामध्ये गुरुवारची रात्र म्हणजे
बिजूच्या कॅफेटेरियामागचं लाल प्लास्टिकचं टेबल,
एका पायाखाली सिगारेटच्या पाकिटाची घडी,
चार कडक चहा, आणि मुनाफ फकीचा निकाल:
अवकाशात आवाज येत नाही.
ज्या सिनेमात स्फोट ऐकू येतो
तो सिनेमा नव्हे, शिमगा.

हर्षला ताम्हाणे दवाखान्यातून थेट आलेली,
गळ्यात अजून ओळखपत्र.
म्हणते, आवाजाचं सोड रे,
'अठ्ठावीस पिढ्या'मध्ये चारशे माणसांत एक डॉक्टर
आणि कुणालाही साधी सर्दी होत नाही?
तिचा जीव तिसऱ्या सीझनमधल्या यंत्रमानवावर,
जो मरणाऱ्याशी खोटं बोलायला शिकतो
आणि मग थांबतच नाही,
जेवायला काय आहे विचारलं तरी खोटंच सांगतो.

मुनाफचं दैवत 'मीठग्रह'.
दोन तास बावन्न मिनिटं, संवाद जेमतेम पानभर.
एक बाई पांढऱ्या मैदानावर चालते,
पाणी शोधते.
प्लान्टवरच्या आम्ही सहा जणांनी तो एकत्र पाहिला,
दिवसभर समुद्राचं मीठ काढून
सगळ्या किनाऱ्याला पाणी पाजून आल्यावर.
पडद्यावर ती ओठ चाटत होती
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
बाई, मेम्ब्रेन बदला, प्रेशर साठ बार करा!
तेव्हापासून मुनाफ आमच्यासोबत सिनेमा बघत नाही.

मधेच वरद, जुन्नरचा, येऊन दोन महिने झालेला,
आवाज जड करून म्हणाला,
म्हणजे बघा ना, ते आपणच की.
घरापासून लांब, वेगळी हवा, वेगळा काळ...
गप रे, तिघं एकदम.
यान म्हणजे यान.
घरचं रडणं घरच्या फोनवर.
बिजूनं न मागता त्याच्यापुढे पराठा ठेवला.

मग माझी पाळी, दर गुरुवारी येते तशी,
आणि दर गुरुवारी हसतात, तसे हसायला तयार सगळे.
परतवाडा. डोंगरेकाकांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही.
रविवारी साडेदहाला ती मालिका,
कुठल्या देशाची कोण जाणे, हिंदीतून बोलणारी,
ओठ एकीकडे, शब्द भलतीकडे.
यान पुठ्ठ्याचं. वळलं की दोरा दिसायचा.
कप्तानाच्या शिरस्त्राणाला पुढे चाळणी,
आईच्या पिठाच्या चाळणीसारखीच.
तेरा भाग. बारा पाहिले.
तेराव्याला लाइट गेली
आणि आली तेव्हा कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती चालू होती.

नाव आठवत नाही. शोधून सापडत नाही.
अशी मालिकाच नव्हती, मुनाफ म्हणतो,
तुला ताप आला असेल.

टेबलाच्या टोकाला सऊद,
आज पहिल्यांदाच बसलेला, आमच्याच शिफ्टचा,
खजुराच्या बिया ओळीनं मांडत होता.
हिंदी त्याची आमच्याहून बरी.
चाळणी? तो म्हणाला,
आणि हवेत हात फिरवून दाखवलं
यान कसं वळायचं, जरासा हिसका देत,
दोरा कुठेतरी अडकल्यासारखं.

माझ्या हातावरचे केस उभे.

त्याच्या आजोबांकडे कॅसेट होती, अरबीतली.
आमचा कॅप्टन विक्रांत
तिथे कॅप्टन हमदान.
तेरावा भाग? पाहिला की. वीस वेळा तरी.
सांगू?

हर्षलानं कप खाली ठेवला.
एकतीस वर्षं, मी मनात मोजली, मग पुन्हा मोजली.
सांग.

यान उतरतं. दार उघडतं.
बाहेर कप्तानाची मावशी. मांडव घातलेला.
कप्तान लग्न करतो,
यान मावशीच्या अंगणात पडून राहतं,
त्यात कोंबड्या. समाप्त.

इतके हसले की पायाखालची घडी निसटली,
चहा सांडला, वरद पराठ्यावर पालथा.
मुनाफच्या डोळ्यांत पाणी. याच्यासाठी?
याच्यासाठी तू आमचे इतके गुरुवार खाल्लेस?

मी खुर्ची पुढे ओढली.
कोंबड्या का, ते आधी समजून घ्या, म्हटलं.
नवव्या भागात एक अंडं होतं.
नीट ऐका.